मोरीच्या पाण्यावरचा पारिजातक

छबूबाई आमच्या शेजारच्या घरात राहायला आल्या तेव्हा त्यांच्या बैलगाडीत भांड्याकुंड्यांपेक्षा शेणखताची पोतीच जास्त होती. मी ओट्यावर वाती वळत बसले होते. "माणसं संसार घेऊन येतात, ही बाई उकिरडा घेऊन आली," असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा. हे राहात्याच्या शाळेत मास्तर. ह्यांनी वहीतून मान वर न करता "येऊ दे, आपल्याला काय त्याचं," म्हटलं. आपल्याला त्याचं काय, हे मला पुढे चार वर्षांत कळलं.

छबूबाई मूळच्या कर्जतकडच्या. तिकडची जमीन कोरडी, म्हणून नवरा भिमाजी राहात्याच्या बाजारात हमालीला आला आणि मागोमाग ह्या. अंगाने काटक, कपाळावर आडवं मोठं कुंकू, बोलणं मोठ्याने. मूलबाळ नव्हतं. घरामागची जागा आमच्याइतकीच, तीन खोल्यांएवढी. आमच्या जागेत तुळशीवृंदावन, एक कण्हेर आणि मी लग्न होऊन आले त्या पावसात लावलेला पारिजातक. त्यांच्या जागेत आधीच्या भाडेकऱ्याने टाकलेले विटांचे तुकडे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ते सगळे वेचून कडेला रचले आणि पेरू, लिंबू, पपई, जाई, जास्वंद असं काय काय लावलं.

त्याच पावसाळ्यात मी पारिजातकाखाली उगवलेली रोपं उपटून रस्त्याकडेला टाकत होते. दरवर्षी बी पडून पंचवीस-तीस तरी उगवायची.

"मास्तरीनबाई, टाकून देताय व्हय ही?"

"मग काय करू? घरात ठेवू?"

"मंग येक आमाला चालंल की." त्यांनी वाकून त्यातलं सगळ्यात वाकडं रोप उचललं आणि पदरात धरून नेलं. मला हसू आलं होतं. त्यांनी ते आमच्या दोघींमधल्या भिंतीला लागून लावलं.

हे रोप तिसऱ्या वर्षी फुललं. मला ठाऊक आहे, फुलणं हा झाडाचा धर्म. पण माझं झाड पंधरा वर्षांचं, सोवळ्यातल्या पाण्यावर वाढवलेलं, आणि त्याच्या लेकीची फुलं त्याच्यापेक्षा टपोरी! देठ असे केशरी की उगाळले तर गंध व्हावं. छबूबाई पहाटे झाडाखाली जुनं लुगडं पसरायच्या आणि उजाडलं की चारी टोकं धरून फुलं परडीत ओतायच्या. परडी विठ्ठलाच्या देवळात जायची. पूर्वी तिथे माझी परडी जात असे. आता पुजारीबुवा सगळ्यांदेखत म्हणायला लागले, "छबूबाईंच्या फुलांनी गाभारा उजळतो हो!" माझी फुलं त्यांनी उंबऱ्याशी ठेवली. एकदा नव्हे, तीनदा. माझ्या रोजच्या वहीत तिन्ही तारखा आहेत.

आणखी एक खुपायचं. छबूबाई महिन्याचे ते चार दिवस पाळत नसत. "मी बसले कोपऱ्यात तर झाडांकडं कोन बघंल?" म्हणायच्या. त्या दिवसांत हात लागला तर जाई सुकते असं मी लहानपणापासून ऐकलेलं आणि पाळलेलं. त्यांची जाई मांडवावर चढून कौलावर गेली. मी देवाला विचारलं नाही, पण मनात आलं, की हे कसं काय?

सन बहात्तरच्या माघात ह्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस उतरेना. डॉक्टर रोज येऊन मान हलवायचे. बाविसाव्या दिवशी सकाळी मी देवघरातल्या बाळकृष्णापुढे पदर पसरला आणि म्हणाले, "ह्यांना उठून बसव. येत्या चातुर्मासात तुला पारिजातकाची लाखोली वाहीन. एक लाख फुलं, मोजून." इथेच थांबायला हवं होतं. पण नवऱ्याच्या जिवाची भीक मागतानाही भिंतीपलीकडचं झाड माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी पुढे म्हणाले, "आणि तीही माझ्या स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडाची."

ह्यांचा ताप उतरला. बोललेलं देवाकडे राहिलं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सुरुवात केली. उजाडताना फुलं वेचायची, शंभराशंभराच्या ढिगाने मोजायची, देवाला वाहायची, आकडा वहीत लिहायचा. माझ्या अडचणीच्या दिवसांत आमची सुनीती वेचायची. ती बारा वर्षांची, तिचा आकडा मी लांबूनच दोनदा म्हणवून घेत असे. वाऱ्याने छबूबाईंची फुलं आमच्या बाजूला पडायची, म्हणून भिंतीकडेची हातभर जागा मी वेचतच नसे. ती फुलं तिथेच वाळायची. सुनीती म्हणायची, "आई, ही पण पारिजातकाचीच आहेत ना?" मी म्हणे, "तुला काय कळतं!"

त्या साली पावसाने पाठ फिरवली. भाद्रपदात आडाचा तळ दिसायला लागला. एक कळशी भरायला पोहरा सहासात वेळा सोडावा लागे, आणि वर येई ते निम्मं गढूळ. तरी पहिली कळशी मी पारिजातकालाच घातली. पुढे ती अर्धी झाली, मग तांब्याभर झाली. पण पाणी स्वच्छ, शिवाशिव न झालेलं. देवाच्या झाडाला दुसरं कसलं घालणार?

वहीत नवरात्रातले आकडे आहेत. चारशे दहा. दोनशे नव्वद. एकशे पाच. अष्टमीला चाळीस. पानं खरखरीत होऊन गळू लागली. कोजागिरीच्या सकाळी नऊ फुलं पडली. नऊ. तोवरची बेरीज एकाहत्तर हजार चारशे पन्नास. त्रिपुरी पौर्णिमेला चातुर्मासाचं उद्यापन ठरलेलं, हाती महिना, आणि साडेअठ्ठावीस हजार फुलं कमी. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, की हे अंथरुणावर पडलेत आणि देव विचारतोय, "बाकीची कुठे आहेत?"

आणि भिंतीपलीकडे पहाटे लुगडं पांढरंशुभ्र! गावातल्या आडाला पाणी नाही, जनावरं छावणीला निघालीत, आणि ह्या बाईच्या पारिजातकावर कळ्या मावत नाहीत. मला वाटलं, ही चोरून कुठून तरी पाणी आणते. भिमाजी बाजारात, तिथे टँकर येतो. तिथूनच आणत असणार. असं काही सापडलं असतं तर मला आनंद झाला असता, हे मी इथे कबूल करते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं सूप परत द्यायचं निमित्त करून मी प्रथमच त्यांच्या मागच्या दाराने आत गेले.

"या या! माजा मळा बघायला घडी घावली म्हना," त्या हरखून म्हणाल्या आणि मला हाताला धरून फिरवलं. पेरूला चिंध्या बांधल्या होत्या, पोपट खातात म्हणून. "ह्याचं पानी मी मुद्दाम तोडते बगा दोन महिनं. झाडाला ताण दिल्याबिगर भार येत न्हाई. माणसासारखंच हाय, लई लाड क्येलं की निस्ती पानं." लिंबाखाली भांडी घासलेली राख. पपईखाली भाजीच्या देठांचा कुजका ढीग. "आमच्या कर्जतकडं पान्याला चार कामं लावल्याबिगर सोडत न्हाईत. आदी भाजी धुवायची, त्याच पान्यात भांडी इसळायची, मंग त्येच पायावर, आन पाय झाडाच्या आळ्यात. पान्याला वाटलं पायजे, आज लई राबलो."

मला एरवी हसू आलं असतं. पण आम्ही पारिजातकापाशी आलो होतो. खाली आळं केलेलं, माती काळी आणि ओली. त्या ओलाव्याला वास होता. शिकेकाईचा. आदल्या दिवशी मी सुनीतीला न्हाऊ घातलं होतं. खाली नीट पाहिलं तर मातीवर शिकेकाईचा चोथा, भाताची चार शितं. भिंतीच्या बुडाशी आमच्या मोरीचं भोक. तिथून फुटक्या कौलांची एकापुढे एक मांडलेली पन्हाळ थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत आलेली. पूर्वी ते पाणी भिंतीकडेने गटारात जात असणार. कुठे जातं हे मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी तशीच मागे फिरले. सूपही देण्याऐवजी परत घेऊन आले.

त्या दिवशीच्या पानावर इतर काही नाही. एवढंच आहे : "रोप माझं. पाणी माझं. फुलं तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीत धरायचं आणि पुढच्या दाराने रस्त्यावर फेकायचं. हे म्हणाले, "अगं, दुष्काळात रस्ता काय शिंपतेस?" मी सांगितलं, "धूळ उडते." आज कोणी विचारेल, की बाई, तेच पाणी तुझ्या सुकणाऱ्या झाडाला का नाही घातलंस? खरं सांगते, ते मनात आलंच नाही. खरकटं पाणी, अंगावरून उतरलेलं पाणी, ते देवाच्या झाडाला! माझं झाड तांब्याभर शुद्ध पाण्यावर मरत होतं आणि मी बादल्या भरभरून रस्त्यावर ओतत होते. छबूबाईंना मिळू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी पलीकडच्या लुगड्यावर फुलं विरळ झाली. मला बरं वाटलं. त्या दिवशी देवापुढे बसून मी जपाची माळ ओढली, पण डोळे मिटता येईनात.

पाचव्या दिवशी मागच्या दारी हाक आली. छबूबाई, पदरात चारपाच लिंबं.

"मास्तरीनबाई, मास्तरांना परत ताप आला का वं?"

"का? कोण म्हणालं?"

"कुनी न्हाई. पाच दिस झालं, तुमच्या मोरीतनं पानी न्हाई. आंगोळी बंद म्हंजी कुनीतरी पडल्यालं आसंल. पोरगी तर शाळंत जाताना दिसली. मंग मास्तरच. लिंबं आनली, सरबत द्या त्यास्नी." असं म्हणत त्या आत डोकावल्या. मोरीत काठोकाठ भरलेली बादली, भोकात बोळा. त्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "तरीच वाटेत चिखल हुता. रस्त्यावर काय लावलंय तुमी, ऊस?"

मला रडू फुटलं. रडताना माणसाने पडतं घ्यावं, पण मी भांडायला लागले. "ते रोप माझं होतं! माझ्या झाडाखालचं! पाणी माझ्या घरचं! आणि देवळात नाव तुमचं!"

"मी कवा न्हाई म्हनलं?" त्या उंबऱ्यावर बसल्या आणि लिंबं एकेक करून खाली ठेवली. "रोप तुमचं. पानी तुमचं. भिंत बी तुमचीच, घरमालक सांगत हुता. ऱ्हायलं काय माजं? वाकायचं तेवढं."

मग सगळंच सांगून टाकलं. नवस सांगितला, आकडा सांगितला, भिंतीकडेची हातभर जागा सांगितली. ती फुलं मी वेचत नाही हे ऐकल्यावर मात्र त्या चिडल्या.

"वाळू दिली? तीन महिनं? आन मी म्हनते, तुमच्या अंगनात पडत्यात ती तरी देवाला जात्यात!" मग विचारलं, "ऱ्हायली किती?"

"साडेअठ्ठावीस हजार."

"मंग ह्यो बोळा काढा आदी."

"पण माझ्या हाताने वाढवलेलं झाड म्हटलंय मी. देवाला सांगितलंय."

"मंग हात लावा की. तुमच्या हाताला काय मेंदी हाय?" आणि तिथल्या तिथे त्यांनी अटी घातल्या. उद्यापासून पन्हाळ मी साफ करायची, आळं मी भरायचं, फुलं मी वेचायची. "समदी फुलं तुमची. पर पानी कायमचं माजं. उद्या तुमच्या देवाचं काम झालं आन मोरीचं त्वांड फिरवलं, तर मी मास्तरांच्या शाळंत यून सांगंन."

मी बोळा ओढून काढला. पाच दिवसांची कोंडलेली मोरी, काय वास आला असेल ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी त्यांच्या मागच्या दारी उभी. कौलांत साबणाचं मेण साचलेलं, डाळीचे दाणे चिकटलेले. छबूबाई कमरेवर हात ठेवून वर उभ्या. "तसं न्हाई. बोटानं काडा. काडीनं निगत न्हाई ते." मी बोटाने काढलं. माझ्या हाताला माझ्याच घरचं खरकटं. घरी जाऊन पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच फुलं देवाला वाहिली. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ह्ये बरं हाय. तुमी चिखलात हात घालताय, मंग दोनदा आंगोळ करताय, आन झाडाला दुप्पट पानी." आणि त्या खो खो हसल्या. मी हसले नाही. मला अजूनही राग होता.

त्यांच्या झाडाने आठवडाभरात मान वर केली. सातशे, हजार, दीड हजार. माझी बोटं देठांनी केशरी व्हायची आणि राखेने काळी. वाकून वाकून कंबर धरली. तेव्हा मला छबूबाईंचं चार वर्षांचं ते वाकणं थोडं कळलं. पण कळलं म्हणून खुपणं थांबलं असं नाही. जाईला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्रिपुरीच्या आदल्या सकाळी लाख पुरे झाले. वर एकशे सोळा फुलं उरली, तीही वाहिली. त्या आकड्याखाली मी रेघ मारली तेव्हा हे शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांचा हात गरम नव्हता, एवढंच मी पाहिलं.

उद्यापनाला आळीतल्या बायका जमल्या. दुष्काळ म्हणून नैवेद्याला नुसता शिरा. शेवटच्या हजार फुलांची रास बाळकृष्णापुढे ठेवली होती. तलाठ्याच्या विजयमालाबाई पुढे झाल्या. "अग्गोबाई! असल्या सालात असली फुलं! कोणाच्या झाडाची?"

दारात पायरीवर छबूबाई बसल्या होत्या. आत यायला सांगितलं होतं, पण "पाय धुळीचं हायेत" म्हणून तिथेच टेकल्या. माझ्या तोंडात "माझ्या" आलं होतं. रोप माझं, पाणी माझं, महिनाभर हातही माझा. खोटं तरी कसं म्हणावं? पण बाळकृष्ण समोर होता, आणि ज्या हेव्यापोटी मी पाच दिवस रस्ता शिंपला तोही त्याने पाहिलेला होता.

"छबूबाईंच्या झाडाची," मी म्हणाले. दात उपटताना दुखतं तसं दुखलं.

बायका वळून त्यांच्याकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता ह्या मिरवतील. छबूबाई हात झटकत म्हणाल्या, "माजं कशाचं? रोप मास्तरीनबाईंचं, पानी मास्तरीनबाईंचं. म्हैनाभर आळं बी त्येंनीच क्येलं, चिखलात हात घालून. माजी निस्ती जागा हाय."

"काय मनाचा मोठेपणा!" विजयमालाबाई म्हणाल्या. "नाहीतर आजकाल कोण असं म्हणतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. छबूबाईंच्या मोठेपणाचं कौतुक शिरा संपेपर्यंत चाललं. मी पंगत वाढत होते. खरं तेच बोलले होते आणि तरी हरले होते. शिऱ्याचा शेवटचा घास त्यांच्या पानावर जरा जास्तच वाढला, तेवढंच माझ्या हातात होतं.

माझं जुनं झाड त्या उन्हाळ्यात गेलं. खोड वाजवून पाहिलं तर आतून पोकळ आवाज आला. हे म्हणाले, दुसरं काही लावू. पुढच्या जूनमध्ये पाऊस झाला आणि छबूबाई भिंतीवरून एक डालड्याचा डबा घेऊन डोकावल्या. त्यात वीतभर रोप. "तुमच्या झाडाची नात," म्हणाल्या. "टाकून देऊ नगा."

मोरीचं पाणी मी त्यांना देऊन बसले होते, आणि दिलेला शब्द मोडायचा नव्हता. म्हणून भांडी आता मी मोरीबाहेर, अंगणात घासते, तेवढं पाणी वेगळं धरते आणि बादली उचलून, वाकून, रोपाला घालते. पहिल्या दिवशी घालण्याआधी हात जोडले होते. आता तसंच घालते.

चौऱ्याहत्तरच्या आश्विनात त्याला पहिली फुलं आली. सात. मी ती बाळकृष्णाला वाहिली आणि वहीत आकडा लिहिला. मागच्या अंगणात परत आले तर भिंतीवर छबूबाईंची हनुवटी.

"आमच्यापरीस टपोरी हायेत की वं तुमची!"

खरं नव्हतं ते. त्यांच्या झाडाची मी पहाटेच, त्या उठायच्या आधी, भिंतीवरून बघून घेतली होती.